नाद ज्याचा त्याचा

महसूल खात्यात पस्तीसहून अधिक वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीवर शेरा मारल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. मी निवृत्त झालो, टेबल सुटले, शिक्का सुटला. पण शेरा मात्र सुटला नाही. गेल्या काही वर्षांत मी दोन शेरे असे मारले, की ज्यांचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला. पहिला माझ्या नातवाच्या गिटारवर आणि दुसरा आमच्या भजनी मंडळातील एका वृद्ध टाळकऱ्याच्या टाळांवर. दोन्ही प्रकरणे वरवर वेगळी दिसतात, परंतु त्यांची फाइल एकच आहे. ती आज वाचकांपुढे उघडतो.

२०२२ च्या दिवाळीत मुलीचा मुलगा बेळगावहून सुट्टीसाठी जोयड्याला आला, तो पाठीवर गिटार आणि हातात एक काळी जड पेटी घेऊन. तो तेव्हा पीयूसीला होता. रामनगरमार्गे येणाऱ्या बसमध्ये ती अकरा-बारा किलोंची पेटी त्याने मांडीवर धरून आणली होती, यावरून त्याचा तिच्यावरचा जीव कळावा. पेटी म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर, बॉस कंपनीचा, नाव 'कटाना'. कटाना म्हणजे जपानी तलवार, असे त्याने मला कौतुकाने सांगितले. त्याने पेटीचे बटण दाबले, तारेवर हात मारला, आणि ती तलवार थेट माझ्या कानात शिरली. आमच्या भागात लाकडाच्या वखारींचे आवाज ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. मी म्हणालो, "हे संगीत आहे की सागवानावर चाललेली करवत? बंद कर ते."

त्याने बंद केले. वाद घातला नाही, तोंड वाकडे केले नाही. पेटीवर चादर घातली आणि ती कोपऱ्यात सरकवली. पुढल्या दोन सुट्ट्यांत तो आला, पण गिटार बेळगावलाच राहिली. माझ्या लेकीने एकदाच मला सुनावले, "बाबा, तुमच्या घरात त्याला वाजवायला नको वाटतं." मी तेही शेरा मारून निकालात काढले.

आता आमच्या घरच्या नादाविषयी थोडे सांगायला हवे. आमचे मूळ गाव सुपा धरणाच्या पाण्याखाली गेले. १९८७ साली धरण पुरे झाले, पण त्याआधीच गावे हलली होती. तालुक्याचे नाव जिच्यावरून होते, ती सुपा पेठही जलाशयात गेली आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला आला. घर सोडताना वडिलांनी देव, भाताचे बियाणे आणि मिरजेचा तंबोरा या तीन गोष्टी स्वतःच्या हाताने बाहेर काढल्या. उरलेले आम्ही भावंडांनी आणले. तो तंबोरा अजून माझ्या खोलीत आहे.

मिरजेची ही विद्या एकोणिसाव्या शतकापासूनची. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी वाद्ये घडवू लागली आणि फरीदसाहेब सतारमेकरांपासून तिथे तंतुवाद्यांची परंपरा उभी राहिली. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि कारागिराचा कान एवढ्या भांडवलावर ती टिकली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरी गोडधोड झाले होते. जणू काही मानांकन आमच्याच तंबोऱ्याला मिळाले!

तंबोऱ्याचा सारा जीव त्याच्या जवारीत असतो. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उतरता, पाठीसारखा घडवलेला असतो. तार त्याला एका जागी टेकत नाही. कंप पावताना ती त्या उतारावर घासत जाते, आणि त्या हलक्या स्पर्शातून मूळ स्वरावर वरच्या स्वरांची एक झिलई चढते. तारेखाली सुताचा धागा सरकवून ती झिलई कमीजास्त करता येते. जवारी खुली ठेवली तर आवाज उजळ आणि झणझणीत. बंद ठेवली तर गोल आणि गंभीर. वडिलांना खुली जवारी आवडे. भजनाला बसण्यापूर्वी ते धागा केसभर पुढे, केसभर मागे करीत राहत. आई स्वयंपाकघरातून म्हणे, "लागला की हो!" ते म्हणत, "तुला लागला, मला अजून नाही."

२०२३ च्या पावसाळ्यात नातू आला तेव्हा मी तोच उद्योग करीत बसलो होतो. अलीकडे तंबोऱ्याची जवारी बसली आहे, आवाज मिटला आहे, असे मला सतत वाटत होते. नातू दारात उभा राहून बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "आजोबा, तुम्ही जे धाग्याने करता, तेच मी त्या पेटीच्या बटणांनी करतो."

मला ते उर्मट वाटले. पण बाहेर जोयड्याचा पाऊस होता, कुठे जायचे नव्हते आणि ऐकून घ्यायला वेळ होता. तेव्हा त्याने मला जी हकीकत सांगितली, ती मी पुढे माझ्या परीने पडताळूनही पाहिली.

विजेच्या गिटारची तार स्वतः फारशी बोलत नाही. तिचा आवाज मोठा करावा लागतो. १९५० च्या दशकात हे काम व्हॉल्व्ह करीत. व्हॉल्व्ह म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दांडेलीच्या मामांचा रेडिओ उभा राहिला. बटण फिरवल्यावर आत हळूहळू तांबूस उजेड यायचा, पेटी तापायची आणि मग धारवाड केंद्र बोलू लागायचे. अशा व्हॉल्व्हकडून त्याच्या कुवतीबाहेर काम करून घेतले, की तो आवाजाची टोके छाटतो आणि स्वर फाटतो. इंजिनिअरांच्या दृष्टीने हा निखळ दोष. परंतु वादकांना तो दोष गोड लागला! फाटलेल्या आवाजात वरचे स्वर भरतात, सूर लांबतो, त्याला धार येते. अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या 'बासमन' या पेटीवरून लंडनमधील एका ढोलांच्या दुकानाचे मालक जिम मार्शल यांनी आणि त्यांच्या माणसांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी आपली पेटी बेतली, आणि दोहोंचा आवाज वेगळा झाला. जसे एकाच घराण्याचे दोन शिष्य वेगळे गावेत. पुढे हे सारे आवाज गणिताने उतरवून काढण्याची युक्ती निघाली. १९९८ साली लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीने घेवड्याच्या बीसारखी दिसणारी एक लाल डबी काढली आणि तिच्यात अनेक जुन्या पेट्यांचे आवाज भरले. आज नातवाच्या पेटीत एकही व्हॉल्व्ह नाही. व्हॉल्व्ह कसा वागला असता, याचा हिशेब आतली चिप करते आणि तसा आवाज देते.

मी ऐकत होतो आणि मनात चरकत होतो. दोषातून गोडवा काढणे ही तर जवारीचीच विद्या. जी तार घोडीवर स्वच्छ टेकते, तिचा तंबोरा होत नाही.

मी म्हणालो, "आण ती पेटी." त्याने चादर काढली.

त्या पेटीवर पाच आवाजांची नावे लिहिली आहेत : अकूस्टिक, क्लीन, क्रंच, लीड आणि ब्राऊन. क्रंच म्हणजे काय विचारले, तर म्हणाला, "कुरकुरीत." मी म्हटले, "मग ती चकली झाली, सूर कुठला?" दोघेही हसलो, आणि सात-आठ महिन्यांची ती चादर खऱ्या अर्थाने तेव्हा दूर झाली. याशिवाय खर्ज, मध्य आणि तीव्र असे तीन भाग कमीजास्त करण्याची बटणे, आवाज किती फाटावा याचे 'गेन' नावाचे बटण, आणि घुमाऱ्याचे आणखी एक. मागच्या दिवाळीत पेटीचा जोर पन्नास वॉटवर होता, तो अर्ध्या वॉटवरही आणता येतो, हेही आत्ताच कळले. आमच्या ओसरीला अर्धा वॉट पुष्कळ झाला. मी मागल्या वेळी फक्त 'बंद कर' म्हणालो होतो. 'कमी कर' म्हणालो असतो तरी भागले असते.

त्याचा प्रश्न खरा होता. हजारो तयार आवाज कोणकोणत्या नावाजलेल्या वादकांच्या नावाने मिळतात. तो ते एकामागून एक लावून पाही, पहिल्या क्षणी प्रत्येक आवडे, आणि दुसऱ्या दिवशी एकही आवडत नसे. "माझा आवाज कोणता, हेच कळत नाही," तो म्हणाला. या ठिकाणी मात्र माझी नोकरी उपयोगी पडली. मी त्याला म्हटले, "हे सारे छापील नमुने आहेत. छापील अर्ज कुणाच्याच प्रकरणाला पुरता लागू पडत नाही. कोऱ्या कागदावर लिहू."

मी एक वही काढली. सगळी बटणे मध्यावर आणली. मग नियम ठरवला, की एका वेळी एकच बटण हलवायचे, काय बदलले ते लिहायचे, आणि अर्ध्या तासानंतर कानाला विश्रांती द्यायची. रात्री आवडलेला आवाज सकाळी पुन्हा ऐकल्याशिवाय मंजूर करायचा नाही. पेटीपुढे बसून एकदा आणि अंगणाच्या टोकाला उभे राहून एकदा ऐकायचे. चार दिवसांत काही गोष्टी आपोआप उलगडल्या. 'गेन' जसजसे वाढवावे तसतसा आवाज भारदस्त वाटतो, पण हाताचे बारकावे, मींड, हलका आघात हे सारे त्यात बुजते; त्याने ते निम्म्यावर आणले. हळू आवाजात खर्ज भरपूर घालावासा वाटतो, आणि तीच मांडणी मोठ्याने वाजवली की खर्ज अंगावर येतो. याला आधार आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिले, की आवाज लहान असताना माणसाचा कान खर्ज कमी ऐकतो. म्हणून आवाज जिथे आणि जेवढ्या जोराने वाजवायचा, तिथेच आणि तेवढ्याच जोराने पारखावा. आमच्या खात्यात याला स्थळपाहणी म्हणत.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "आजोबा, आज तुम्ही लावा. तुमच्या आवडीचा." मी मोठ्या हुरूपाने बसलो. वडिलांची खुली जवारी कानात होती. तीव्र भागाचे बटण फिरवत फिरवत जवळजवळ शेवटास नेले. वा! तंबोरा उजळावा तशी गिटार उजळली. मी समाधानाने वर पाहिले, तर पोराने दोन्ही हात कानांवर ठेवले होते आणि स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला, "अहो, दातात कळ गेली!"

आम्ही तेव्हा हसलो. पण रात्री मला झोप लागली नाही. महिनाभराने मी बेळगावला जाऊन कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावले आणि बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायला सांगितले. कागदावर जी रेघ उमटली ती एक हजार कंपनांपर्यंत बरी चालली होती आणि पुढे आमच्या अणशीच्या घाटासारखी खाली उतरत गेली होती. वयोमानाने असे होते. वरचे स्वर आधी जातात. माणसाला ते कळत नाही, कारण बोलणे कानावर पडतच असते. फक्त जगावरची झिलई उतरते, आणि आपल्याला वाटते की जगच बोथट झाले.

म्हणजे तंबोऱ्याची जवारी बसली नव्हती. बसला होता तो माझा कान.

त्या कागदाकडे पाहताना मला एकाएकी आमचे टाळकरी दादा आठवले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, मंडळाचे सर्वांत जुने सभासद. त्यांचा जुना टाळ तडकला म्हणून त्यांनी पंढरपूरहून काशाचे नवे टाळ स्वखर्चाने आणले होते. आणि मी, मंडळाचा चिटणीस, भर बैठकीत म्हणालो होतो, "दादा, फसवलं तुम्हाला. या टाळांना नादच नाही. पत्रा वाजतो नुसता." कोणी काही बोलले नाही, निवृत्त झालो तरी मी साहेबच होतो ना! दादांनी टाळ पिशवीत ठेवले आणि त्यानंतर ते भजनाला आले नाहीत. गुडघे दुखतात, असा निरोप येई. मी तो खरा मानला, कारण तो मानणे सोयीचे होते.

अधिकाऱ्याची अभिरुची हुकूम होऊन बसली, की काय होते याचे मोठे उदाहरण आपल्याकडे घडून गेले आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. आक्षेप अगदीच निराधार नव्हते. त्या पेटीचे सूर जागच्या जागी बसवलेले, श्रुतींना आणि मींडेला वाव नाही. परंतु गावोगावच्या भजनांत, नाटकांत, शिकवण्यांत जी पेटी लोकांनी आपली मानली, ती नभोवाणीवर तीन दशके मुकी राहिली. त्यांच्या कानांना निदान काही तत्त्व तरी होते. माझ्याजवळ काय होते? फक्त एक खालावलेला कान आणि साहेबीपणाची सवय.

श्रवणयंत्र घेऊन परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी दादांच्या घरी गेलो. ते खळ्यात बसून सुपारी सोलत होते. मी तपासणीचा कागदच पुढे केला. सरकारी माणूस कागदाशिवाय माफीही मागू शकत नाही. म्हणालो, "दादा, चूक माझ्या कानाची होती. तुमच्या टाळांची नव्हती. सगळ्यांदेखत बोललो, सगळ्यांदेखतच मागे घेईन."

त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. मग आत जाऊन टाळ आणले आणि माझ्या यंत्र लावलेल्या कानाशी एकदाच वाजवले. तो नाद किती वेळ हवेत राहिला! माझ्या डोळ्यांत पाणी आले. दादा म्हणाले, "आता ऐकू येतं ना? मग झालं. चहा घ्या."

नव्या यंत्रासंबंधीही एक सांगतो. तेही डिजिटलच, त्यातही घरासाठी, गर्दीसाठी, संगीतासाठी वेगवेगळ्या मांडण्या. पहिले काही दिवस वर्तमानपत्राची सळसळ पावसासारखी वाटे आणि स्वतःचा आवाज परक्याचा. तेव्हा नातवाने मला माझीच वही दाखवली : एका वेळी एकच बदल, कानाला विश्रांती, सकाळी पुन्हा ऐकणे. हिशेब बरोबर फिटला.

२०२४ च्या आषाढी एकादशीला नातू गिटार घेऊन भजनाला बसला. मंडळात कुरकुर झाली. मी यावेळी शेरा मारला नाही, फक्त दादांकडे पाहिले. ते म्हणाले, "बसू दे. जागा सापडली तर राहील." त्यांचे हे वाक्य आवाज निवडण्याच्या साऱ्या शास्त्राचे सार आहे, हे मला त्याच रात्री कळले. खोलीत एकट्याने गोड लागलेला आवाज मेळात टिकेना. खर्ज मृदंगाने आधीच व्यापलेला, वरची बाजू टाळांची. दोन्हीकडे गिटार गेली की चिखल होई. पहिल्या अभंगानंतर नातवाने आपण होऊन खर्ज कमी केला, तीव्र भाग खाली आणला, मध्य थोडा वाढवला, 'क्रंच' सोडून 'क्लीन' वर आला आणि घुमारा काढून टाकला, कारण देवळाला स्वतःचा घुमारा होता. एकट्याने ऐकला असता तर तो आवाज रुक्ष वाटला असता. मेळात तो गाणाऱ्याच्या गळ्याखाली हात धरल्यासारखा बसला.

मध्यंतरी वीज गेली. गणेशगुडीला वीज तयार होते आणि आमच्याकडे पावसात ती जाते, हे आता कुणाला नवल नाही. पेटी मुकी झाली. भजन थांबले नाही. अंधारात नातू तारांवर हात फिरवीतच होता. जवळच्या दोघा-चौघांना ऐकू येईल इतकाच तो आवाज. दादा टाळ वाजवीत थोडे त्याच्या बाजूला सरकले आणि त्यांनी टाळांचा जोर हलका केला.

आपल्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या या मुलखात राहिलेल्या मराठी घरांना हा प्रश्न परका नाही. आपण कचेरीत कन्नड लिहिले, बाजारात कोंकणी बोललो आणि घरात मराठी जपली. पुण्याचे नातलग हसून म्हणतात, तुमच्या मराठीला हेल आहे. पूर्वी मला ते लागे. मी तिथे गेलो की त्यांचा छापील नमुना लावून बोलत असे. आता वाटते, हा हेल म्हणजे आपली जवारी आहे. तीन भाषांच्या उतारावरून घासत गेलेल्या तारेला अशीच झिलई चढायची. ती दोष वाटते की गोडवा, हे ऐकणाऱ्या कानावर आहे.

नातवाची ती वही आता माझ्या टेबलावर असते. तिच्या शेवटच्या पानावर त्याने देवळातल्या मांडणीचे आकडे लिहून ठेवले आहेत आणि खाली माझ्यासाठी एक सूचना : तीव्र भागाच्या बटणाला आजोबांनी हात लावू नये. त्यावर मी 'मान्य' एवढेच लिहून सही केली आहे.